हातात एकही नाही, तरी ऑर्डर २७०ची: एमिरेट्सच्या विमानखरेदीचं गणित

नोव्हेंबर २०२५ मध्ये दुबईच्या विमान प्रदर्शनात पहिल्याच दिवशी एमिरेट्स या दुबईच्याच विमान कंपनीने अमेरिकेच्या बोइंगकडून ६५ विमानं घ्यायचा करार केला. विमानाचं नाव ७७७-९, जात ७७७एक्स, सगळ्यांची मिळून छापील दराने किंमत ३८ अब्ज डॉलर. या करारानंतर एमिरेट्सने मागवलेल्या ७७७एक्स जातीच्या विमानांची संख्या २७० झाली. गंमत अशी, की त्या दिवशी जगातल्या कुठल्याही कंपनीकडे या जातीचं एकही विमान प्रवासी घेऊन उडत नव्हतं. एमिरेट्सने पहिली दीडशे मागवली ती २०१३ मध्ये. तेव्हाचा वायदा २०२० चा होता, आता बोइंग पहिल्या विमानासाठी २०२७ सांगते.

बारा वर्षं वाट पाहून एकही नग हाती आला नाही, तरी आणखी पासष्ट मागवायचे? घरात कुणी असा व्यवहार केला तर त्याला चार गोष्टी ऐकवल्या जातील. पण विमानांच्या धंद्यात याला वेडेपणा म्हणत नाहीत. तो का नाही, हे कळलं की एमिरेट्स ही कंपनी बऱ्यापैकी कळते, आणि वर्तमानपत्रातले विमानखरेदीचे अवाढव्य आकडे कसे वाचायचे तेही कळतं.

ऑर्डर म्हणजे नेमकं काय?

विमान तयार मिळत नाही. इमारत उभी राहण्याआधी फ्लॅट बुक करावा तसं ते बुक करावं लागतं. सह्या झाल्या की थोडा इसार द्यायचा, मग विमान जोडणीला येण्याच्या आधीच्या दोनेक वर्षांत हप्ते भरायचे, आणि उरलेली मोठी रक्कम विमान ताब्यात घेताना. त्यामुळे ‘३८ अब्जांचा करार’ वाचून दुबईतून त्या दिवशी ३८ अब्ज डॉलर निघाले असं समजू नये. दुसरं म्हणजे छापील दर कुणीच देत नाही. एवढ्या मोठ्या गिऱ्हाइकाला निम्म्याच्या आसपास सूट मिळणं या धंद्यात नवलाचं नाही. खरा आकडा दोघांच्या तिजोरीत राहतो, छापील आकडा बातमीत जातो. त्यात दोघांचीही सोय असते.

सह्यांमध्येही प्रकार आहेत. पक्की ऑर्डर असते, तिच्यातून मागे फिरायला दंड पडतो. ‘ऑप्शन’ असतो, म्हणजे ठरावीक मुदतीपर्यंत ठरलेल्या अटींवर आणखी विमानं घेण्याचा हक्क. घेतलीच पाहिजेत असं नाही. आणि सामंजस्य करार असतो, म्हणजे ‘बोलणी झाली आहेत, कागद पुढे बघू’. प्रदर्शनात कॅमेऱ्यांसमोर तिन्ही प्रकारच्या सह्या सारख्याच दिसतात.

पण ऑर्डरमधून खरं हाती पडतं ते काय, तर रांगेतला क्रमांक. जगात मोठी प्रवासी विमानं बनवणाऱ्या कंपन्या जेमतेम दोन, एअरबस आणि बोइंग. दोघांच्या कारखान्यांचं पुढच्या कित्येक वर्षांचं काम आधीच ठरलेलं आहे. २०३३ साली जुनं विमान मोडीत काढायचं असेल, तर २०३३ मधली जागा आज धरून ठेवावी लागते. ती जागा हीच मालमत्ता. विमान उशिरा आलं तर कंपनी भरपाई मागते, पुढच्या ऑर्डरीत सवलत मागते, प्रकार बदलून मागते. म्हणजे उशीर झाला म्हणून रांग सोडण्यात शहाणपण नसतं. उलट ज्याने उशीर केला तो मऊ आलेला असतो, तेव्हाच आणखी जागा पदरात पाडून घ्यायच्या.

एमिरेट्सच्या वहीतली खाडाखोड पाहिली की हे आणखी स्पष्ट होतं. २००७ मध्ये त्यांनी एअरबसची ७० ए३५० मागवली. २०१४ मध्ये सगळीच्या सगळी रद्द केली. फेब्रुवारी २०१९ मध्ये त्याच ए३५० ची ३० विमानं आणि सोबत ४० ए३३०निओ घ्यायचं ठरलं. नऊ महिन्यांनी, त्याच वर्षीच्या दुबई प्रदर्शनात, ए३३०निओ यादीतून नाहीशी झाली आणि ए३५० तिसाची पन्नास झाली. २०२३ मध्ये पासष्ट आणि २०२५ मध्ये त्र्याहत्तर. बोइंगच्या ७८७ चंही तेच: २०१७ मध्ये चाळीस, २०१९ मध्ये प्रकार बदलून तीस, २०२३ मध्ये पुन्हा प्रकार बदलून पस्तीस. ७७७एक्सही सरळ चढत गेलेली नाही. दीडशेवरून २०१९ मध्ये ती १२६ वर उतरली होती, मग आणखी खाली आली, आणि २०२३ मध्ये नव्वदच्या भरीने दोनशेपार गेली. बातमीतली ऑर्डर हा त्या दिवसापुरता भाव असतो, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

२०१७ चा प्रसंग तर नाटकात शोभावा असा. एअरबसची मंडळी दुबईतल्या त्या पत्रकार परिषदेत ए३८० च्या मोठ्या ऑर्डरीच्या अपेक्षेने येऊन बसली होती. व्यासपीठावर सह्या झाल्या त्या बोइंगच्या ७८७ वर.

एवढी मोठीच विमानं का?

एमिरेट्सच्या प्रवासी ताफ्यात अडीचशेच्या घरात विमानं आहेत आणि जाती फक्त तीन: बोइंग ७७७, एअरबस ए३८०, आणि २०२४ च्या अखेरीपासून ए३५०. तिन्ही रुंद, आत दोन बोळ असलेली. इतक्या मोठ्या कंपनीकडे एकही छोटं विमान नसणं ही विलक्षण गोष्ट आहे. त्याचं कारण दुबईच्या नकाशात आणि थोडं इतिहासात आहे.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर आखातात बहरीन, अबू धाबी, कतार आणि ओमान यांच्या भागीदारीतली गल्फ एअर मोठी होती. तिने दुबईच्या फेऱ्या कमी केल्या. दुबईच्या राज्यकर्त्यांनी १ कोटी डॉलर देऊन स्वतःची कंपनी काढली. पाकिस्तान इंटरनॅशनल एअरलाइन्सकडून एक बोइंग ७३७ आणि एक एअरबस ए३०० भाड्याने घेतलं, आणि २५ ऑक्टोबर १९८५ ला पहिलं विमान कराचीला गेलं. सुरुवातीच्या गावांत लगोलग मुंबई आणि दिल्लीही होती. शेख अहमद बिन सईद अल मक्तूम तेव्हापासून अध्यक्ष आहेत. टिम क्लार्क हे त्या पहिल्या मंडळींपैकीच; ते २००३ पासून कंपनीचे प्रेसिडेंट आहेत. ताफ्याबद्दलचे जवळजवळ सगळे धाडसी निर्णय त्यांच्या नावावर जमा आहेत, फायद्याचे आणि अंगाशी आलेलेही.

दुबईला स्वतःचे प्रवासी मर्यादित. पण गाव बसलंय मोक्याच्या जागी. तिथून आठ तासांच्या उड्डाणात जगाची सुमारे दोन-तृतीयांश लोकसंख्या येते. म्हणून खेळ ठरला तो जोडणीचा. समजा तुमची विमानं एकाच केंद्रातून शंभर शहरांना जातात. मार्ग शंभरच, पण त्या शहरांच्या आपसातल्या जोड्या ४,९५०. कोलकात्याहून ग्लासगोला थेट विमान घालायला कुणाला परवडणार नाही. दुबईमार्गे ते आपोआप तयार होतं. एकशे एकावं शहर जोडलं की एक मार्ग वाढतो आणि जोड्या शंभरने वाढतात. केंद्राची सगळी जादू या एका आकडेमोडीत आहे.

मात्र जोडणी जमायची तर विमानं एकत्र यावी लागतात आणि एकत्र सुटावी लागतात. दुबईत रात्री-पहाटे ही भरती-ओहोटी पाहायला मिळते: भारत, पाकिस्तान, पूर्व आशियातून थवा उतरतो, दोन-तीन तासांत युरोप-अमेरिकेचा थवा उठतो. मुंबईचा प्रवासी पहाटे तीन-चारला विमानतळावर डोळे चोळत का असतो, त्याचं उत्तर या वेळापत्रकात आहे. आणि इथेच अडचण येते. दुबईच्या विमानतळाला धावपट्ट्या दोन, त्याही एकमेकींना इतक्या लागून की दोन्ही पूर्णपणे स्वतंत्रपणे वापरता येत नाहीत. २०२४ मध्ये या विमानतळावरून ९ कोटी २३ लाख प्रवासी गेले. गर्दीच्या वेळी तासाला किती विमानं उतरतील याला मर्यादा आहे, त्यामुळे वाढायचं तर विमानच मोठं करणं भाग होतं. पलीकडे लंडनच्या हीथ्रोसारख्या ठिकाणी तर उतरण्याची एकेक वेळ सोन्याच्या भावाची. एकाच वेळेच्या हक्कावर साडेतीनशेऐवजी पाचशे माणसं उतरवता आली तर?

म्हणून ए३८०.

ए३८० : दोघांचाही जीव एकमेकांत

एमिरेट्सने हे दुमजली विमान २००० सालीच मागवलं, एअरबसने प्रकल्पाची अधिकृत घोषणा करायच्याही आधी. पहिलं हाती आलं जुलै २००८ मध्ये, ठरल्यापेक्षा उशिरा. १ ऑगस्टला ते न्यूयॉर्कला गेलं. मग आकडा वाढतच गेला. वरच्या मजल्यावर पहिल्या वर्गासाठी शॉवर, मागे बार, आणि दुसऱ्या टोकाला ६१५ जागांची दाटीवाटीची आवृत्तीही. २०१३ मध्ये दुबईत खास याच विमानासाठी बांधलेली इमारत उघडली. ती बांधावीच लागते, कारण ए३८० चे पंख ७९.७५ मीटर पसरतात. जगातल्या बहुतेक मोठ्या विमानांचे थांबे ६५ मीटर पंखांपर्यंतचे असतात. ए३८० ला ८० मीटरचा थांबा हवा, दोन्ही मजल्यांना जोडणारे पूल हवेत.

बाकी कंपन्यांना हा हत्ती पोसवला नाही. चार इंजिनांचं इंधन, मोजक्याच विमानतळांवर सोय, आणि पाचशे जागा रोज भरण्याची चिंता. सगळ्या कंपन्यांच्या ताब्यात मिळून २५१ ए३८० गेली. त्यातली १२३ एकट्या एमिरेट्सने घेतली. दुसऱ्या क्रमांकावरच्या सिंगापूर एअरलाइन्सने २४. हे प्रमाण कुठल्याही कारखानदाराची झोप उडवणारं आहे. निम्मा माल एकाच गिऱ्हाइकाला! जानेवारी २०१८ मध्ये एअरबसने उघडपणे सांगितलं, एमिरेट्सशी करार झाला नाही तर प्रकल्प बंद करावा लागेल. काही दिवसांत एमिरेट्सने २० पक्की आणि १६ ऑप्शनवर घेतली. पण वर्षभरात, इंजिनांवरून बोलणी फिस्कटल्यावर, एमिरेट्सने ३९ विमानांची मागणी काढून घेतली आणि १४ फेब्रुवारी २०१९ ला एअरबसने ए३८० ची जोडणी थांबवत असल्याचं जाहीर केलं. शेवटचं विमान डिसेंबर २०२१ मध्ये एमिरेट्सनेच नेलं.

या विमानांचे पैसे कुठून आले, हा भाग मला सगळ्यात गमतीचा वाटतो. विमान कंपन्या बहुतेक विमानं रोखीने घेत नाहीत. कुणी गुंतवणूकदार विमान विकत घेतो आणि ते बारा वर्षांच्या भाड्याने देतो. एमिरेट्सची ए३८० विकत घेऊन भाड्याने देणारे फंड तर लंडनच्या शेअर बाजारात नोंदलेले होते. २०१५ मध्ये एमिरेट्सने ९१.३ कोटी डॉलरचे सुकूक काढले. सुकूक म्हणजे व्याज न घेता मालमत्तेच्या भाड्यातला वाटा देणारा इस्लामी पद्धतीचा रोखा. त्याला हमी होती ब्रिटिश सरकारच्या निर्यात संस्थेची. ब्रिटनचा काय संबंध? ए३८० चे पंख वेल्समधल्या ब्रॉटनला जोडले जात. म्हणजे विमान दुबईचं, जोडणी फ्रान्समध्ये, पंख वेल्सचे आणि रोखा शरियतच्या नियमांचा.

नवं येईना, जुनं चकचकीत

ए३८० संपलं तर पुढे काय, याचं उत्तर म्हणून ७७७एक्स होतं. ७७७-९ मध्ये इंजिनं दोनच. तिचे पंख उघडल्यावर ७१.७५ मीटर भरतात, पण जमिनीवर टोकं वर दुमडतात आणि रुंदी ६४.८५ वर येते. त्या ६५ मीटरच्या नेहमीच्या थांब्यात अगदी मोजून बसवलेली. ए३८० कडून घेतलेला हा धडा आहे.

पण विमान रखडलं. नव्या इंजिनात २०१९ मध्ये दोष निघाला. त्याच वर्षी सांगाड्याच्या ताण-चाचणीत विमानाचा भाग फुटला. पहिलं उड्डाण जानेवारी २०२० मध्ये झालं खरं, पण त्याआधी ७३७ मॅक्सचे दोन भीषण अपघात होऊन अमेरिकेच्या विमानवाहतूक नियामकाचा बोइंगवरचा विश्वास उडाला होता, आणि आता प्रत्येक कागद बारकाईने तपासला जाऊ लागला. २०२४ मध्ये इंजिन पंखाला जोडणाऱ्या एका भागात भेगा सापडल्या आणि चाचणीची विमानं जमिनीवर आली. त्याच वर्षी कारखान्यात संप. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुदत २०२७ वर गेली आणि बोइंगने या एका प्रकल्पापायी ४.९ अब्ज डॉलरचा भुर्दंड हिशेबात धरला.

दरम्यान एमिरेट्सकडे आधीच्या पिढीचं शेवटचं नवं ७७७ (७७७-३००ईआर) आलं ते २०१८ मध्ये. मग त्यांनी नोव्हेंबर २०२२ पासून जुनीच विमानं आतून नवी करायला घेतली. आधी १२०, मग १९१, मग २१९ विमानांचा बेत झाला. खर्च ५ अब्ज डॉलरच्या घरात. खुर्च्या, गालिचे, पडदे सगळं काढून, आणि नेहमीच्या वर्गाहून थोडा ऐसपैस असा प्रीमियम इकॉनॉमी वर्ग घालून. जिथे नवं विमान पंधरा-वीस कोटींचं, तिथे दोन-अडीच कोटी डॉलरमध्ये जुन्याला आणखी दहा वर्षं देता येत असतील तर सौदा वाईट नाही. ए३८० तर २०४० च्या आसपासपर्यंत चालवायचा विचार आहे. कारखाना बंद झालेल्या विमानाचे सुटे भाग मिळणार कुठून? काही निवृत्त विमानं मोडून. एमिरेट्सचं पहिलंवहिलं ए३८० असंच दुबईत उकलायला घेतलं.

आखाताचा आणखी एक त्रास आहे, ऊन आणि वाळू. बारीक धूळ इंजिनात जाऊन पात्यांवर वितळून बसते, उष्ण हवेत इंजिनाला जास्त ताण घ्यावा लागतो, आणि युरोपात जे इंजिन काही हजार फेऱ्या पंखावर टिकतं ते इथे बरंच आधी दुरुस्तीला उतरवावं लागतं. ए३५० च्या मोठ्या आवृत्तीच्या, ए३५०-१००० च्या, इंजिनाबद्दल क्लार्क यांनी २०२३ मध्ये जाहीरपणे नाराजी सांगितली आणि ते विमान घेतलं नाही. घेतली ती सगळी लहान आवृत्ती, ए३५०-९००. जानेवारी २०२५ मध्ये तिचं पहिलं प्रवासी उड्डाण एडिनबराला गेलं. जिथे ७७७ भरत नाही अशा मध्यम शहरांसाठी हे विमान आहे. एडिनबरासारख्या गावाने सुरुवात व्हावी यात अर्थ आहे.

मोठी विमानं भरायची कुणी?

आता भागीदारीकडे. मोठ्या विमानाचा धंदा म्हणजे मोठं पातेलं चुलीवर ठेवण्यासारखा आहे. पंगत जमवावीच लागते. दुबईला येणारा प्रत्येक जण दुबईला थेट जोडलेल्या शहरातला असून भागत नाही. त्याच्या पलीकडच्या लहान गावांतून माणसं आणून देणारा कुणी हवा.

विमान कंपन्यांच्या मैत्रीच्या पायऱ्या असतात. सगळ्यात साधी इंटरलाइन: एकाच तिकिटावर दोन कंपन्यांची उड्डाणं, बॅग शेवटच्या गावापर्यंत. तिच्या वर कोडशेअर: दुसऱ्याच्या विमानाला आपला क्रमांक लावून आपलं म्हणून विकायचं. तिच्या वर संयुक्त व्यवसाय, म्हणजे ठरावीक मार्गांवर भाडी आणि वेळापत्रकं मिळून ठरवायची. याला स्पर्धा आयोगाची परवानगी लागते, कारण नाहीतर ती सरळ साटंलोटं ठरते. आणि सगळ्यात वर, दुसऱ्या कंपनीत पैसे घालून हिस्सा घ्यायचा. शिवाय स्टार अलायन्स, वनवर्ल्ड, स्कायटीम असे तीन मोठे गट आहेत. एमिरेट्स यांपैकी कुठल्याच गटात नाही. क्लार्क यांचं म्हणणं थोडक्यात असं, की गटात गेलं की पाय बांधले जातात.

हिस्सा घेण्याचा प्रयोग एमिरेट्सने एकदा केला. १९९८ मध्ये श्रीलंकेच्या राष्ट्रीय कंपनीत ४० टक्के वाटा घेतला, पुढे तो ४३.६ टक्क्यांवर गेला, आणि दहा वर्षांसाठी कारभारही हाती घेतला. डिसेंबर २००७ मध्ये लंडनहून कोलंबोला येणाऱ्या भरलेल्या विमानात राष्ट्राध्यक्षांच्या लवाजम्यासाठी जागा करून द्यायची मागणी झाली. त्यासाठी पस्तीसेक प्रवाशांना उतरवावं लागलं असतं. कंपनीने नकार दिला. थोड्याच दिवसांत एमिरेट्सने नेमलेल्या प्रमुखाचा श्रीलंकेतला कामाचा परवाना रद्द झाला. २००८ मध्ये कारभार सोडला, २०१० मध्ये हिस्सा सरकारला परत विकला. परक्या देशाच्या राष्ट्रीय कंपनीत पैसे घातले की पैसे तुमचे असतात आणि घर त्यांचं.

शेजारच्या अबू धाबीची एतिहाद हा धडा फार महागात शिकली. तिने एअर बर्लिन, अलितालिया, भारतातली जेट एअरवेज अशा आजारी कंपन्यांमध्ये एकामागून एक हिस्से घेतले, आणि त्यांच्या प्रवाशांवर आपलं केंद्र भरायचं ठरवलं. २०१७ मध्ये एअर बर्लिन दिवाळखोरीत गेली, अलितालिया प्रशासकाकडे गेली, एप्रिल २०१९ मध्ये जेटचं शेवटचं विमान उतरलं. कतार एअरवेजने वेगळी युक्ती केली: ब्रिटिश एअरवेजच्या मूळ समूहात सुमारे एक-चतुर्थांश, व्हर्जिन ऑस्ट्रेलियात एक-चतुर्थांश असे वाटे घेतले. त्या दोन्हींत तिचं बरं चाललंय. एमिरेट्स मात्र श्रीलंकेनंतर पैसे घालण्यापासून लांब राहिली आणि कोडशेअरवर भर दिला.

त्यातली सगळ्यात मोठी सोयरीक ऑस्ट्रेलियाच्या क्वांटासशी. क्वांटासने ब्रिटिश एअरवेजशी सतरा वर्षांची भागीदारी सोडली आणि मार्च २०१३ पासून लंडनला जाणारी आपली विमानं सिंगापूरऐवजी दुबईत थांबवायला सुरुवात केली. एमिरेट्सला ऑस्ट्रेलियातली गावंच्या गावं मिळाली, क्वांटासला युरोप. २०१८ मध्ये क्वांटासने पर्थहून लंडनला बिनथांबा ७८७ सुरू केलं आणि आपला थांबा पुन्हा सिंगापूरला नेला. तरी कोडशेअर राहिलं, त्याची मुदत २०२८ पर्यंत वाढलेली आहे. लांब पल्ल्याची लहान विमानं केंद्राला वळसा घालू शकतात, हे मात्र त्या पर्थच्या उड्डाणाने दाखवून दिलं.

अमेरिकेतली गोष्ट तर आणखी मजेची. २०१५ मध्ये डेल्टा, अमेरिकन आणि युनायटेड या तिघींनी मिळून आरोप केला, की आखाती कंपन्यांना त्यांच्या सरकारांनी चाळीस अब्ज डॉलरहून जास्त मदत दिली आहे. आखाती कंपन्यांनी तो फेटाळला, वाद वर्षानुवर्षं चालला, २०१८ मध्ये अमेरिका आणि संयुक्त अरब अमिराती यांच्या सरकारांत समझोता झाला. सप्टेंबर २०२२ मध्ये युनायटेड आणि एमिरेट्स एका मांडवाखाली उभ्या राहिल्या. शिकागो, ह्यूस्टन, सॅन फ्रान्सिस्कोला उतरणारा एमिरेट्सचा प्रवासी पुढे युनायटेडने शंभराहून जास्त गावांना जाऊ शकतो. बदल्यात युनायटेडने दुबईला स्वतःचं विमान सुरू केलं.

घरातला भागीदार म्हणजे फ्लायदुबई. मालक तेच दुबई सरकार, कंपनी वेगळी, विमानं ७३७ जातीची छोटी. २०१७ पासून दोघींचं कोडशेअर आहे. ज्या गावांना एमिरेट्सचं ७७७ रिकामं जाईल तिथे फ्लायदुबई जाते. म्हणजे एमिरेट्सकडे छोटी विमानं नाहीत हे अर्धंच खरं. ती शेजारच्या खोलीत ठेवलेली आहेत. आणि ती खोलीही वाढतेय: त्याच २०२५ च्या प्रदर्शनात फ्लायदुबईने एअरबसची १५० ए३२१निओ आणि बोइंग ७३७ मॅक्सची ७५ विमानं यांसाठी सामंजस्य करार केले. वर सांगितलेले प्रकार आठवा, सामंजस्य करार म्हणजे पक्की ऑर्डर नव्हे.

विमान आहे, पण उतरू देणार का?

विमानं आली, भागीदार मिळाले, तरी एक कुलूप उरतं. आंतरराष्ट्रीय उड्डाणांचे हक्क दोन देशांच्या सरकारांमधल्या करारातून मिळतात. काही देशांशी अमिरातीचे करार मोकळे आहेत, अमेरिकेशी तसेच. काहींशी मोजूनमापून. २०१० मध्ये कॅनडाने जास्त फेऱ्या नाकारल्या, तेव्हा प्रकरण इतकं तापलं की अमिरातीने कॅनडाच्या लष्कराला आपल्या भूमीवरचा तळ रिकामा करायला लावला आणि कॅनेडियन नागरिकांना व्हिसा लावला. २०२२ मध्ये एअर कॅनडा आणि एमिरेट्सचं कोडशेअर झालं. जो हक्क सरकार देईना तो भागीदाराच्या विमानातून थोडाफार मिळवला.

भारताचं कुलूप आणखी निराळं आहे. भारत-दुबई करारात फेऱ्या नव्हे तर जागा मोजतात: दोन्ही बाजूंच्या कंपन्यांना आठवड्याला प्रत्येकी सुमारे ६५ हजार. एमिरेट्स भारतातल्या नऊ शहरांना उडते आणि दुबईच्या वाट्याच्या जागा तिने आणि फ्लायदुबईने कधीच भरून काढल्या आहेत. २०२२ मध्ये अमिरातीने आणखी ५० हजार मागितल्या. भारताने दिल्या नाहीत. दिल्लीचा विचार उघड आहे: भारतीय प्रवाशाला लंडन-न्यूयॉर्कला दुबईमार्गे का जाऊ द्यावं, आपल्या कंपन्यांनी थेट का नेऊ नये? एअर इंडियाने २०२३ मध्ये ४७० विमानं मागवली त्यामागेही हीच आकांक्षा आहे. प्रवाशाला मात्र स्पर्धा कमी झाल्याचा दर तिकिटात मोजावा लागतो, ही दुसरी बाजू दिल्लीत फारशी कुणी बोलत नाही.

आणि इथे मोठ्या विमानाची सगळी हुशारी संपते. हीथ्रोला उतरायची वेळ मोजतात, म्हणून पाचशे जागांचं विमान तिथे फायद्याचं. मुंबईसाठी जागाच मोजतात, म्हणून ए३८० पाठवलं काय आणि दोन छोटी पाठवली काय, कोट्यातून तेवढ्याच वजा होतात. ७७७-९ चंही तसंच होणार.

तोवर दुबईत दक्षिणेकडे अल मक्तूम विमानतळाचं काम चाललं आहे. एप्रिल २०२४ मध्ये मंजूर झालेला आराखडा १२८ अब्ज दिरहॅमचा: पाच धावपट्ट्या, चारशे दरवाजे, वर्षाला २६ कोटी प्रवाशांची क्षमता. दोन चिकटलेल्या धावपट्ट्यांच्या अडचणीतून वाढलेली कंपनी पाच मोकळ्या धावपट्ट्यांवर जाईल, तेव्हा तिला एवढी मोठी विमानं लागतील का, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. मागवलेल्या २७० विमानांना ते तेव्हा विचारता येणार नाही. करारातला प्रकार बदलायची सोय कागदावर आहे, आणि ती वापरायची सवय या कंपनीला आहेच.